ग्रीन ड्रिंक्स

ग्रीन ड्रिंक्स हा पर्यावरणाविषयी आस्था असणाऱ्या व्यावसायिकांच्या अनौपचारिक स्थानिक मेळाव्यांचा आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. इ.स. १९८९ मध्ये उत्तर लंडनमधील एका मद्यगृहात एडविन दात्शेफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गप्पांतून त्याचा आरंभ झाला. पुढे तो विविध देशांतील शेकडो शहरांत पोहोचला.

स्वरूप

शासन, उद्योग, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्थांतील मंडळी बहुधा महिन्यातून एकदा एकत्र येतात. ठरावीक कार्यक्रमपत्रिका नसते. नवागताची इतरांशी ओळख करून देणे हे संयोजकाचे मुख्य काम होय. कार्यालयात पर्यावरणाचा आग्रह धरणारी व्यक्ती अनेकदा एकाकी पडते. या भेटींतून तिला समविचारी सोबती, प्रसंगी नवी नोकरीही मिळते. मात्र सर्व भार स्वयंसेवी संयोजकांवर असल्याने त्यांनी काम सोडल्यास त्या शहरातील मेळावे खंडित होण्याचा संभव असतो.