सुटून आलेल्या बाईला काम हवं

शिक्षा भोगून बाई गावात परतते, तेव्हा तिला रोजानंही कुणी बोलवत नाही. खरं तर येरवड्यासारख्या तुरुंगात शिवणकाम शिकवतात, मजुरीही देतात. म्हणून ‘काय केलंस?’ नको, ‘काय येतं?’ असं विचारा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं खातं बघा. कागदांवाचून मजुरीही अडते. गटाच्या शिवणाच्या कामात तिला घ्या. सुरुवातीला एकीनं सोबत करावी.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना शेती दिली. त्यावरूनच १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. विश्वासानं माणूस उभं राहतं. कोर्टानं दिलेली शिक्षा संपली. आपण ती वाढवायची कशाला?