पेटीची चावी

मंडळी, गेली १४ वर्षे आपल्या मंडळाचा खजिनदार म्हणून मी दर वार्षिक सभेत उभा राहतो, जमाखर्च वाचतो, तुम्ही टाळ्या वाजवता आणि मग सगळे बटाटेवड्याकडे वळतात. कुणी कधी प्रश्न विचारत नाही. हा माझ्यावरचा विश्वास आहे असे मी समजत होतो. थोडा विश्वास असेलही, पण बराचसा वड्यांचा वास असावा.

या वर्षी मात्र मागच्या रांगेतून एक हात वर आला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला अकाउंटिंग शिकणारी मुलगी. शनिवारच्या मराठी शाळेत हिला मुळाक्षरे मीच गिरवायला लावली होती. तिने विचारले, "काका, हॉलचं डिपॉझिट खर्चात धरलंय, आणि परत आलेलं डिपॉझिट देणग्यांत दिसतंय. असं का?" सलग दोन वर्षे ही चूक माझ्या हिशेबात होती. म्हणजे खर्चही फुगला आणि देणग्याही फुगल्या. पैसा कुठे गेला नव्हता, पण आपल्याला मिळालेल्या देणग्या आपण समजत होतो तेवढ्या नव्हत्या.

मी काय उत्तर दिले असेल? "वा, हुशार झालीस हं! पुढच्या गणपतीला रांगोळी स्पर्धेचं बघशील का?" सभागृह हसले. ती मुलगीही हसली आणि खाली बसली.

परतताना गाडीत आमची ही वीस मिनिटे काही बोलली नाही. ज्यांची लग्नाला तीस वर्षे झाली आहेत त्यांना या शांततेचा अर्थ सांगायला नको. गॅरेजमध्ये गाडी शिरताना ती एवढेच म्हणाली, "चूक तिची होती की तुमची?"

त्या रात्री मला गावाकडच्या वहिनी आठवल्या. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. थोरला भाऊ ग्रामपंचायतीत दहा वर्षे सदस्य होता. २०१२ साली सरपंचपद महिलेसाठी राखीव निघाले, तेव्हा दादाने वहिनींना उभे केले. त्यात पुरोगामीपणा काही नव्हता. खुर्ची घरातच राहावी एवढाच हिशेब. पहिले सहा महिने कारभार दादाच पाहत होता. ग्रामसेवक दप्तर घरी आणायचा, दादा बोट ठेवेल तिथे वहिनी सही करायच्या. अशा नवऱ्यांना गावोगाव 'सरपंचपती' म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाने उच्चारला जात नाही.

मग एका ग्रामसभेत वरच्या आळीतल्या बायकांनी पाण्याचा विषय काढला. गावात टाकी होती, नळ होते, कागदावर योजना पूर्ण होती. पण वरच्या आळीला पाणी दुपारी दोनला यायचे, तेही पंधरा मिनिटे. दोनला बायका रानात. मग शाळेतल्या पोरी दुपारची सुट्टी झाली की घरी पळायच्या, हंडे भरायच्या आणि पुष्कळदा परत शाळेत जायच्याच नाहीत. पंचायतीत दहा वर्षे बसलेल्या दादाला हे माहीत नव्हते. खोटे कशाला बोलू, त्याच घरात वाढलेल्या मलाही माहीत नव्हते. पंचायतीत त्या वर्षी चर्चा चालली होती ती गावाच्या कमानीची.

वहिनींनी कमान मागे ठेवली, वरच्या आळीला वेगळा व्हॉल्व बसवला आणि पाण्याची वेळ सकाळी सहाची केली. कमानीच्या मानाने खर्च किरकोळ. दादा महिनाभर धुसफुसत होता. पुढच्या वेळी ग्रामसेवक दप्तर घेऊन आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ठेवून जा. सही माझी आहे, तर वाचून करीन." सातवी शिकलेल्या वहिनींना ते वाचायला दोन दिवस लागले. दादा हे अजूनही चारचौघांत सांगतो, पण आता जरा अभिमानाने.

एका घरच्या गोष्टीवरून जगाचा नियम काढू नये हे मलाही कळते, इंजिनियर आहे. पण या विषयाची मोजदाद झालेली आहे, आणि फार नेटकी. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. पुष्कळ ठिकाणी कोणत्या गावचे प्रमुखपद राखीव होणार हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरत असल्याने तुलना सरळ करता येते: ज्या गावाला बाई मिळाली ते आणि ज्याला नाही मिळाली ते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले) यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांत ही तुलना केली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले. रस्त्यांचे पाहा: बंगालमध्ये त्यांनी रस्ते जास्त केले, राजस्थानात कमी. कारण बंगालमधल्या बायकांच्या तक्रारींत रस्ते होते, राजस्थानातल्या बायकांच्या तक्रारींत फारसे नव्हते. म्हणजे 'बायकांना अमुकच आवडते' असा मामला नाही. जिला जे रोज टोचते ते तिने कागदावर आणले.

याच मंडळींचा दुसरा प्रयोग मला जास्त झोंबला. बंगालमधल्या गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एक भाषण ऐकवले. शब्द तेच, फक्त काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांनी बाई प्रमुख कधी पाहिली नव्हती तिथल्या पुरुषांना तेच भाषण बाईच्या आवाजात कमी पटले. ज्या गावांनी बाईचा कारभार अनुभवला होता तिथे हा दुजाभाव उरला नव्हता. वाचता वाचता मला मागच्या रांगेतला तो आवाज ऐकू आला. डिपॉझिटचा प्रश्न आपल्या एखाद्या जोशीकाकांनी विचारला असता तर मी त्यांना रांगोळी दिली असती का?

डुफ्लो यांचेच २०१२ चे आणखी एक काम आहे, बंगालमधल्या ४९५ गावांचे. दोन मुदती बाई प्रमुख राहिलेल्या गावांत आईबाप मुलासाठी आणि मुलीसाठी जी स्वप्ने पाहतात त्यांतली दरी कमी झाली होती, मुली शिक्षणात मुलांच्या बरोबरीला आल्या होत्या आणि घरकामात त्यांचा वेळ कमी जात होता. भाषणे देऊन हे झाले नाही. खुर्चीत कोण बसले आहे हे मुलींना रोज दिसत होते.

आपल्या सातारा जिल्ह्यातलेच म्हसवड घ्या. माणसारखा दुष्काळी तालुका. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. अक्षर तेवढे येत नव्हते.

आता आपल्या मंडळाकडे येतो. मोठी बहीण म्हणून नावे ठेवत नाही, खजिनदार म्हणून सांगतो. १४ वर्षांच्या ठरावांची वही मी परवा चाळली. ध्वनियंत्रणा, कलाकारांचे मानधन, बॅनर, पुन्हा ध्वनियंत्रणा. आणि ठरावात नसलेली कामे? तीन वर्षांपूर्वी एका घरच्या गृहस्थांची बायपास झाली तेव्हा सहा आठवडे त्या घरी डबे गेले. वेळापत्रक आपल्या बायकांनी फोनवर केले. मंडळाच्या वहीत त्याची ओळ नाही. व्हिसामुळे नोकरी करता येत नाही अशा तीन-चार मुली दर वर्षी लग्न होऊन इथे येतात. कुणी वकील, कुणी आर्किटेक्ट. त्यांना गाडी शिकवायला घेऊन जाणाऱ्या दोघी आहेत; त्यांना मंडळाने पेट्रोलचे पैसेही विचारलेले नाहीत. एवढ्या शिकलेल्या मुलींना आपण विचारतो काय, तर मोदक येतात का.

आणि मोदकांवरून आठवले. गेल्या गणपतीला ३५० पानांचा स्वयंपाक खाद्य समितीने ठरलेल्या रकमेत बसवून वर पैसे परत केले. ध्वनियंत्रणेचा खर्च मात्र दर वर्षी अंदाजाच्या बाहेर जातो, आणि तो पुरुषांच्या हाती आहे. तरी 'बायकांना बजेट जमेल का' हा प्रश्न कार्यकारिणीत विचारला गेला आहे. विचारणारा मीच होतो.

काही भगिनी म्हणतील, आम्हाला कुठे वेळ आहे, उभ्या राहिलो तर घरचे कोण पाहील? खरे आहे. म्हणून माझी सूचना अशी: बैठक रविवारी रात्री नऊला न घेता दुपारी घ्यावी, मुलांना सांभाळायची पाळी सदस्य पुरुषांनी लावून घ्यावी, आणि अध्यक्ष व खजिनदार या दोन पदांपैकी एक दर मुदतीला स्त्रीकडे असावे. घटनेत बदल लागेल. दोन तृतीयांश मते हवीत. मी मोजली आहेत, अजून नऊ कमी पडतात.

त्या मुलीला मी गेल्या आठवड्यात फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके काका," म्हणजे ओके नव्हते. मग विचारले, खजिनदार होशील का? ती म्हणाली, आधी पाच वर्षांच्या पावत्या बघायच्या आहेत. रविवारी येते आहे. पत्र्याची पेटी बेसमेंटमधून वर काढून ठेवली आहे आणि चावी माझ्या जुडग्यातून सोडवली आहे. २०१९ च्या दिवाळीच्या पावत्या मात्र सापडत नाहीत. कुणाकडे असतील तर कृपया शनिवारच्या आत कळवावे.