गंधक शेवटी टाकायचा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रबर मोल्डिंगच्या गाळ्यात शिरल्यावर डोळ्यांत भरतो तो काळा रंग. भिंतींवर, पंख्याच्या पात्यांवर, वजनकाट्याच्या ताटलीवर आणि मिलवर उभ्या असलेल्या मामांच्या नखांतही. हा कार्बन ब्लॅक. इथल्या बोलीत नुसता 'कार्बन'. या गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तू मुठीत मावतील एवढ्या : ओ-रिंगा, ग्रॉमेट, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बुश, पंपाची गास्केटं. गाडी घेणाऱ्याला त्यांची नावंही ठाऊक नसतात. त्यातलं एखादं फुटलं, ऑइल गळायला लागलं आणि गाडी मेकॅनिकच्या दारात उभी राहिली, की मग ओळख होते.

दिवस सुरू होतो तो काट्यापाशी. शेजारी फॉर्म्युल्याचा कागद. तो लिहायची रीत जगभर एकच : रबर शंभर भाग धरायचं आणि बाकी सगळं त्या हिशेबात मांडायचं. बुशसाठीच्या नैसर्गिक रबराच्या साध्या बॅचमध्ये शंभर भाग रबराला झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक अ‍ॅसिड २, कार्बन ४० ते ५०, थोडं तेल, रबर लवकर म्हातारं होऊ नये म्हणून एक-दोन भाग अँटिऑक्सिडंट, गंधक अडीच आणि गंधकाचं काम वेगाने करवणारा अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम १. पिवळ्या गंधकाची पिशवी मात्र बाजूला, वेगळी ठेवलेली. तिची पाळी शेवटी. या धंद्यातली बरीचशी अक्कल या एका पिशवीच्या वेळापत्रकात आहे : गंधकाची आणि रबराची गाठ कधी पडू द्यायची, आणि तोवर ती कशी टाळायची. रबराच्या रसायनशास्त्रातले कितीतरी मोठे शोध याच प्रश्नाच्या उत्तरात लागलेले आहेत.

केरळातून येणारी धुरी दिलेली तपकिरी शीटं मामा मिलवर चढवतात. मिल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाड लोखंडी रोल. दोघांचा वेग मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे मधल्या फटीत रबर नुसतं दाबलं जात नाही, ओढलं आणि फाडलंही जातं. सुरुवातीला चिवट शीटं फटीतून आदळत, फटफटत जातात. हळूहळू आवाज बसतो, रबर पुढच्या रोलला पट्ट्यासारखं गुंडाळलं जातं आणि फटीच्या वर त्याचा एक लोळ फिरत राहतो. त्याला म्हणतात 'बँक'.

आत काय घडतंय ते डोळ्यांना दिसत नाही. रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीनच्या हजारो घटकांची लांब साखळी. कच्च्या रबरात अशा असंख्य साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. मिल त्या ओढून तोडते, हवेतला ऑक्सिजन तुटकी टोकं पुन्हा जुळू देत नाही, आणि रबर नरम पडतं. मग ते पावडरी सामावून घ्यायला तयार होतं. ही युक्ती थॉमस हॅनकॉकला लंडनमध्ये १८२० साली सापडली, तीही भलत्याच कामात. उरलेल्या तुकड्यांचे बारीक कपटे करावेत म्हणून त्याने दातेरी यंत्र बनवलं, तर आतून एकजीव, गरम गोळा बाहेर आला. यंत्र कुणाला कळू नये म्हणून त्याने कामगारांत त्याला 'पिकल', म्हणजे लोणचं, हे नाव लावून दिलं. दोन रोलांची मिल अमेरिकेतल्या एडविन चॅफी याची, पेटंट १८३६चं. मामांच्या मिलला आज मोटर आहे, रोलमधून थंड पाणी खेळतं, धोका झाला तर ओढायचा आडवा दांडा आहे. पण चॅफी इथे आला असता तर त्याला हे यंत्र समजावून सांगावं लागलं नसतं.

आधी झिंक आणि स्टिअरिक जातं, मग कार्बन. घमेल्यातला कार्बन बँकेवर पडला की काळा धूर उठावा तशी पावडर उडते. खाली ट्रेमध्ये सांडलेली हेल्पर झाडून पुन्हा वर टाकतो. सांडलेलं वाया गेलं तर फॉर्म्युला बिघडतो. मोठ्या कारखान्यांत हे काम बंद पेटीच्या मिक्सरमध्ये चालतं. फर्नली बॅनबरीने १९१६ साली त्याचं पेटंट घेतलं आणि धुळीतून निदान काही कामगारांची सुटका झाली.

कार्बन रंगासाठी टाकतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. सुरुवातीची टायरं फिकट रंगाची असत. त्यांत झिंक ऑक्साइड भरलेलं असे. १९०४च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या कारखान्यात एस. सी. मोट याला दिसलं, की बारीक काजळी मिसळली तर रबर कितीतरी बळकट होतं. कार्बनचे कण मीटरच्या दहा ते काहीशे अब्जांश इतके लहान असतात. त्यांच्या प्रचंड पृष्ठभागाला साखळ्या चिकटून बसतात आणि रबर झिजायला, फाटायला विरोध करू लागतं. कण जितका बारीक, तितकी ताकद जास्त आणि मिलवरचा त्रासही जास्त. म्हणून टायरच्या ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराचा, कार्बन वेगळा आणि गास्केटचा वेगळा.

"मामा, पिवळी टाकू?"

"हात लावून बघ आधी. थंड होऊ दे."

मिलवर घुसळून रबर तापलेलं असतं. अशा वेळी गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर टाकले, तर बॅच मिलवरच पकडू लागते. पट्ट्यावर दाणे येतात, कडा फाटतात, आणि थोड्या वेळात तो माल कुठल्याही साच्यात वाहत नाही. याला 'स्कॉर्च' म्हणतात; मामा म्हणतात, 'माल जळला'. जळलेल्याला धूर येत नाही, ज्वाळा दिसत नाही, पण पैसे गेलेले असतात.

उष्णतेत रबर पक्कं करण्याचा गंधकाचा हा गुण चार्ल्स गुडइयरने ओळखला. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबरी कोट-बुटांची लाट आली आणि विरली, कारण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात कडक. नाथानिएल हेवर्डकडून गुडइयरने गंधकाची कल्पना विकत घेतली. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न इथे गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं; ते वितळण्याऐवजी चामड्यासारखं झालं. त्याचं अमेरिकन पेटंट १८४४चं. इंग्लंडमध्ये हॅनकॉकने १८४३ सालीच बाजी मारली होती. गुडइयर १८६० साली कर्जात वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली इतरांनी काढली; त्या घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. गंधक साखळ्यांमध्ये पूल बांधतो, म्हणून रबर ताणलं तरी मूळ आकारात परततं, हे गुडइयरला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पदार्थ इतक्या लांब रेणूंचे असू शकतात हे हेरमान श्टाउडिंगरने १९२०मध्ये मांडलं, तेव्हा मान्यवर रसायनशास्त्रज्ञांनीही नाक मुरडलं. त्याला नोबेल मिळालं १९५३ साली. तोवर निम्मं जग रबरी टायरवर धावत होतं.

रबर पक्कं करायला नुसत्या गंधकाला मात्र कित्येक तास लागत. अ‍ॅक्रनच्या डायमंड रबर कंपनीत जॉर्ज ओन्सलेगरने १९०६ साली अ‍ॅनिलीन मिसळून हा वेळ एकदम खाली आणला. अ‍ॅनिलीन विषारी, म्हणून त्याने त्याच्यापासून बनणारं थायोकार्बानिलाइड वापरलं. १९२१च्या सुमारास मर्कॅप्टोबेंझोथायाझोल आलं आणि तासांचं काम मिनिटांवर आलं. पण घाई वाढली तशी माल जळण्याची भीतीही वाढली. १९३०च्या दशकात सल्फेनामाइड गटातली रसायनं आली आणि तिढा सुटला : ती मिलवर शांत राहतात आणि साच्यात तापली की जोरात कामाला लागतात. मामा चिमटीने टाकतात त्या पांढुरक्या दाण्यांत हे सगळं आहे.

शेवटी सुरी चालते. फिरत्या रोलवर पट्टा तिरका कापायचा, दुमडायचा, पुन्हा आत सोडायचा. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. गंधक सगळीकडे सारखा पसरायला हवा. मग शीट उतरते आणि थंड व्हायला टांगली जाते.

नायट्राइल रबराची बॅच लागली की मात्र हा क्रम उलटा होतो. नायट्राइल जर्मनीत १९३०च्या आसपास जन्मलं, आयजी फार्बेनमध्ये. त्यातल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे ते पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही. नैसर्गिक रबर मात्र तेलात फुगून लिबलिबीत होतं. पण त्याच गुणामुळे नायट्राइलमध्ये गंधकही नीट मिसळत नाही. म्हणून इथे गंधक सुरुवातीलाच टाकतात, त्याला पसरायला पुरेसा वेळ देतात, आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत राखून ठेवतात. नियम एकच, फक्त शेवटी कोण येणार ते बदललं.

प्रत्येक बॅचचा छोटा तुकडा रिओमीटरमध्ये जातो. तापलेल्या दोन पाट्यांमध्ये तो अगदी थोडा मागे-पुढे पिळला जातो आणि पडद्यावर आलेख उमटतो. रेघ आधी खाली येते, म्हणजे माल गरम होऊन पातळ होतोय. मग सपाट चालते. साच्यात भरायला मिळणारा वेळ एवढाच. मग चढते आणि वर जाऊन स्थिरावते. सपाट भाग आखूड दिसला, तर बॅच प्रेसवर न नेलेली बरी.

प्रेसच्या पाट्या १६० ते १७० अंशांवर असतात. ऑपरेटर रबराचे मोजून कापलेले तुकडे, म्हणजे ब्लँक, साच्याच्या घरांत ठेवतो, साचा बंद करतो, दोन-तीनदा दाब सोडून पुन्हा देतो. त्याने अडकलेली हवा निघून जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की क्युअरचा, म्हणजे रबर पक्कं होण्याचा, वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून घड्याळ आणि थर्मामीटर दोन्हींवर नजर लागते. साचा उघडला की तापलेल्या रबराचा तो ओळखीचा उग्र वास येतो आणि ओ-रिंगा बाहेर पडतात, कडेला पातळ पापुद्र्यासह. तो 'फ्लॅश'. थंड होताना रबर दीड-दोन टक्के आकसतं, त्यामुळे साचा तेवढा मोठा कोरलेला असतो. फ्लॅश काढायचं काम बाजूच्या टेबलावर बायका बारीक कात्र्यांनी करतात. मोठ्या ठिकाणी द्रव नायट्रोजनने गोठवून माल फिरत्या पिंपात टाकतात. पापुद्रा काचेसारखा कडक होऊन तुटतो. इथे कात्रीच स्वस्त पडते.

ओ-रिंगचं पेटंट नील्स क्रिस्टेन्सेनने ७२व्या वर्षी, १९३७ साली मागितलं. १९३९मध्ये ते मिळालं. खाचेत बसवलेली दाबलेली कडी परत उसळू पाहते आणि म्हणून गळती थांबते, एवढं साधं तत्त्व. ही उसळी गेली तर काय होतं, ते २८ जानेवारी १९८६ला दिसलं. 'चॅलेंजर' यानाच्या बूस्टरच्या सांध्यात फ्लुओरोरबराच्या ओ-रिंगा होत्या. त्या सकाळी थंडी गोठणबिंदूच्या जवळपास होती. रबर ताठरलं, सांधा वेळेवर बंद झाला नाही, आणि सात जणांचा जीव गेला. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या बैठकीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तो लगेच मूळ आकारात आला नाही.

म्हणून भोसरीच्या गाळ्यातही माल लगेच पास होत नाही. किमान सोळा तास विसावल्यावर ड्युरोमीटरची टोचणी लावतात. कठीणपणा सत्तर शोअर हवा असेल तर पाच इकडे किंवा पाच तिकडे, एवढीच मुभा. नमुना पाव उंचीने दाबून गरम ओव्हनमध्ये ठेवतात आणि नंतर तो किती बसका राहिला ते मोजतात. त्याचं नाव 'कॉम्प्रेशन सेट'. घरी न होणाऱ्या चाचण्यांसाठी नमुने ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, रबर उद्योगाच्या संशोधन संस्थेकडे पाठवता येतात.

दाराशी एक पिंप आहे, फ्लॅश आणि नापास मालाचं. प्लॅस्टिकवाला शेजारी आपला भंगार माल दळून, वितळवून पुन्हा वापरतो. रबरवाल्याला ती सोय नाही. गंधकाने बांधलेले पूल उष्णतेने नीट सुटत नाहीत. जास्त तापवलं तर साखळ्याच तुटतात. आर्थर मार्क्सने १८९९ साली अल्कलीत शिजवून रबर परत मिळवण्याची पद्धत काढली, आणि आजही रिक्लेम रबर निघतं. पण त्याची ताकद कमी, त्यामुळे ते पायपुसणी, मडफ्लॅप यांत किंवा नव्या रबरात थोडं मिसळून जातं. २०२२च्या नियमांनी वापरून झालेल्या टायरची विल्हेवाट ही उत्पादकांचीही जबाबदारी ठरवली आहे. या पिंपातल्या फ्लॅशला मात्र अजून किलोवर घेणारा भंगारवाला हाच मार्ग आहे.

आणि प्रेसमधून निघाल्यावरही रबरातली रासायनिक हालचाल थांबलेली नसते. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता साखळ्यांवर काम करत राहतात. अँटिऑक्सिडंट त्यांना फक्त उशीर लावतं. वापरात नसलेलं रबरही म्हातारं होतं. स्वयंपाकघरातली गॅसची 'सुरक्षा' नळी दर पाच वर्षांनी बदला असं सांगतात ते याच कारणाने. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. आज घरी गेल्यावर ते वाचा, आणि मुदत उलटली असेल तर नळी चांगली दिसतेय म्हणून ठेवू नका.