क्राकोवची पोरं आणि कोल्काची घळ

दक्षिण पेरूमध्ये, आरेकिपा शहराच्या वायव्येला, कोल्का नावाची नदी अँडीज पर्वत कापत जाते. तिच्या घळीतल्या एका टप्प्याला ‘पोलिश लोकांची घळ’ असं नाव आहे आणि तिथल्या धबधब्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांचं. पोलंड तिथून समुद्रापार, अर्ध्या पृथ्वीपलीकडे. या कोपऱ्यात पोलिश नावं आली ती १९८१ साली. सहा मित्र कयाक आणि राफ्ट घेऊन या घळीत उतरले होते. घळीतला त्यांचा मुक्काम जेमतेम अकरा दिवसांचा होता. पण तिथवर पोचायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांची हकीकत अकरा दिवसांइतकीच ऐकण्याजोगी आहे.

क्राकोवमध्ये खाणकाम आणि धातुशास्त्राचं जुनं विद्यापीठ आहे, सगळे त्याला एजीएच म्हणतात. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘बिस्त्शे’ नावाचा कयाक क्लब होता. पोलंडच्या दक्षिणेला तात्रा पर्वत आणि दुनाएत्ससारखी डोंगरी नदी आहे, त्यामुळे वेगवान पाण्याची तोंडओळख या मुलांना होतीच. कयाकिंगची पोलंडमध्ये हौसही जुनी. क्राकोवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा तरुणपणी विद्यार्थ्यांना घेऊन कयाकच्या सहलींना जात. १९५८ मध्ये त्यांना बिशप नेमल्याचं सांगण्यासाठी वॉर्साहून बोलावणं आलं, तेव्हाही ते अशाच एका सहलीवर होते. हेच वोयतिवा ऑक्टोबर १९७८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झाले. जून १९७९ मध्ये ते मायदेशी आले, तेव्हा त्यांना पाहायला लाखोंची गर्दी लोटली. कम्युनिस्ट राजवटीत इतकी माणसं स्वतःहून एकत्र आल्याचं पोलंडनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी बिस्त्शेची मंडळी अमेरिका खंडाकडे निघाली. मोहिमेचं नाव होतं ‘कानोआंदेस ७९’. आज हे वाक्य सहज लिहिता येतं, पण तेव्हाच्या पोलंडमध्ये पासपोर्ट घरच्या कपाटात ठेवायची चीजवस्तू नव्हती. परदेशी जायचं तर तो सरकारकडे मागायचा आणि परत आल्यावर जमा करायचा. झ्वॉटी या पोलिश चलनाला देशाबाहेर कोणी विचारत नसे, आणि डॉलर मिळवणं हा वेगळाच उद्योग होता. विद्यापीठाचा शिक्का, ‘अभ्यास मोहीम’ हे बिरुद, कारखान्यांकडून मागून आणलेलं सामान, असं करत करत त्यांनी जमवाजमव केली. फायबरग्लासच्या कयाक त्यांनी स्वतः बनवल्या. प्रवासाला मिळाला स्टार २६६, पोलिश सैन्य वापरत असे तो तीन आसांचा, सहाही चाकांना जोर देणारा ट्रक. हाच पुढे त्यांचं घर, गोदाम आणि दुरुस्तीचं वर्कशॉप झाला.

जायचं होतं दक्षिण अमेरिकेला, पण व्हिसाची गाडी अडली. मेक्सिकोनं दार उघडलं म्हणून मोहीम मेक्सिकोत सुरू झाली. ही अडचण त्यांच्या पथ्यावर पडली असंच म्हणावं लागतं. ते थेट पेरूला जाऊन कोल्कात उतरले असते तर बहुधा परत आले नसते.

कारण मेक्सिकोच्या नद्यांनी त्यांना पहिला धडा फार कडक शिकवला. बोटी फुटल्या, सामानाचं मोठं नुकसान झालं. तात्रातून उतरणारी ओळखीची नदी आणि नकाशावर नुसतीच निळी रेघ असलेली अनोळखी नदी यांत फरक असतो. ओळखीच्या नदीवर पुढच्या वळणाआड काय आहे ते कोणीतरी सांगितलेलं असतं. अनोळखी नदीवर आधी पाणी वाचावं लागतं. प्रवाहाच्या मधोमध इंग्रजी व्हीसारखी गुळगुळीत जीभ दिसली तर तिथून वाट असते. पाणी खडकावरून कोसळून परत मागे वळत असेल तर त्या खळग्यात बोट आणि माणूस दोन्ही अडकून घुसळत राहतात. खडकामागचं संथ पाणी, ज्याला कयाकवाले ‘एडी’ म्हणतात, ती थांबायची जागा. एका एडीतून दुसऱ्या एडीत, असा हप्त्याहप्त्यानं खळाळ उतरायचा. पुढचं दिसत नसेल तर काठावर उतरून पायी पुढे जाऊन पाहायचं. आणि पाहिल्यावर छाती दडपली तर लाज न बाळगता बोटी खांद्यावर घेऊन खडकांवरून चालायचं. बोट उलटली तर वल्ह्याचा फटका आणि कमरेचा झोक देऊन पाण्याखालून परत सरळ व्हायचं. हा ‘रोल’ तलावात शिकता येतो, पण फेसाळ पाण्यात डोकं खडकावर आपटत असताना तो जमणं ही वेगळी गोष्ट.

यातलं बरंच काही ते चुकत, भिजत, बोटी जोडत शिकले. फायबरग्लासची बोट हलकी आणि घरी करता येण्याजोगी, पण खडकाला लागली की तडकते. मग ती वाळवा, तडा घासून काढा, काचेच्या कापडाची ठिगळं राळेनं चिकटवा, आणि रात्रभर सुकल्यावर पुन्हा पाण्यात घाला. अमेरिकेत त्या काळात साच्यातल्या प्लॅस्टिकच्या कयाक येऊ लागल्या होत्या, खडकावर आपटल्या तरी त्या फुटत नसत. मेक्सिकोहून ते उत्तरेला अमेरिकेत गेले तेव्हा वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावानं या पोलिश पोरांना थारा दिला, तिथल्या कॉलेजनं मदत केली. अमेरिकन नदीवाल्यांशी ओळखी झाल्या, त्यांची साधनं आणि तंत्र पाहायला मिळालं. मग ट्रकचं तोंड पुन्हा दक्षिणेकडे वळलं.

परवानगी मिळाली होती काही महिन्यांची. ते महिने संपले तसे काही सोबती पोलंडला परतले. जे उरले ते देशोदेशींच्या नद्या उतरत खाली सरकत राहिले, आणि त्यांतल्या अनेक नद्यांवर त्यांच्याआधी कोणी बोट घातलेली नव्हती. दरम्यान ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना जन्माला आली. देश बदलत होता आणि हे दूर कुठेतरी नदीकाठी होते. ती घालमेल ट्रकमध्ये रोज त्यांच्यासोबत असणार.

पेरूत ते पोचले तेव्हा तिथेही उलथापालथ सुरू होती. बारा वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर जुलै १९८० मध्ये लोकनियुक्त सरकार आलं होतं, आणि त्याच वर्षी ‘शायनिंग पाथ’च्या माओवाद्यांनी हत्यार उचललं होतं. या पार्श्वभूमीवर त्यांनी कोल्काचं नाव घेतलं. रॉबर्ट शिपी आणि जॉर्ज जॉन्सन या अमेरिकनांनी १९३१ मध्ये विमानातून या खोऱ्याचे फोटो काढले होते आणि जगानं ते कुतूहलानं पाहिले होते. पण घळीच्या तळाशी वाहणाऱ्या पाण्याचं काय, ते फोटोत दिसत नव्हतं.

मे महिना निवडला तो हिशेबानं. तेव्हा अँडीजमधला पावसाळा संपलेला असतो आणि नदी उतरणीला लागते. भर पावसाच्या कोल्कात उतरणं म्हणजे आत्मघातच. सहा जण ठरले: आंद्झेय पिएन्तोव्स्की, पिओत्र ख्मेलिन्स्की, येझी मायखेर्चिक, यात्सेक बोगुत्स्की, स्तेफान दानिएल्स्की आणि क्शिश्तोफ क्राश्निएव्स्की. नेतृत्व पिएन्तोव्स्की यांचं. काबानाकोंदे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० मीटर उंचीवर, आणि नदी त्याच्या खाली हजार मीटरहून अधिक खोल. म्हणजे पहिलं वल्हं मारण्याआधीच सगळं सामान घेऊन एक अख्खा डोंगर उतरायचा. शिदोरी बांधली पाच दिवसांची.

घळीत काय वाढून ठेवलंय ते आत गेल्यावरच कळलं. कोल्काच्या या भागात कडे थेट पाण्यातून वर उठतात. काठ नावाची वस्तूच नसते, त्यामुळे पायी पुढे जाऊन खळाळ पाहायची सोय उरत नाही. बोटीतूनच शेवटची एडी शोधायची, तिथं खडकाला बिलगून थांबायचं, एकानं दोरीच्या आधारानं पुढच्या खडकावर चढून डोकावायचं आणि हातवारे करून मागच्यांना सांगायचं. पाण्याच्या गर्जनेत बोललेलं ऐकू येत नाही. वाट नसेल तर घरांएवढाल्या शिळांवरून बोटी एकमेकांच्या हाती देत पलीकडे न्यायच्या. अशात एका दिवसात चार किलोमीटर झाले तर तो चांगला दिवस.

दुसरा धोका वरून येतो. हा सगळा प्रदेश भूकंपाचा आणि ज्वालामुखींचा. साबांकाया ज्वालामुखी जवळच आहे. कडे ठिसूळ, आणि दुपारी घळीत वारा भरला की वरून दगड सुटतात. हजार-दोन हजार मीटरवरून सुटलेला मुठीएवढा दगडही खाली येईतो गोळीसारखा झालेला असतो. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना मऊ वाळू पाहायची नाही, डोक्यावर खडकाची ओसरी आहे का ते पाहायचं.

४४ किलोमीटरच्या त्या टप्प्याला अकरा दिवस लागले. पाच दिवसांचं अन्न अकरा दिवस पुरवायचं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आणि परत फिरायची सोय नव्हती. एकदा खळाळ उतरून घळीत शिरलं की प्रवाहाविरुद्ध वर जाता येत नाही, कडे चढून जाणं बहुतेक ठिकाणी अशक्य. अशा जागी धाडसापेक्षा सवय उपयोगी पडते. कोण कुठे थांबणार, दोरी कोण फेकणार, उलटलेल्याला कोण ओढणार, कोणाच्या ‘नको’ला किती वजन द्यायचं, हे या सहा जणांना एकमेकांकडे पाहून कळत होतं. ही समज मेक्सिकोपासून आलेली होती. कोल्काचं श्रेय एकेकट्याच्या शौर्याला देण्याचा मोह होतो, पण त्या घळीतून एकटा पट्टीचा कयाकवाला बाहेर आला असता असं वाटत नाही.

याच मे महिन्यात, १३ तारखेला, रोममध्ये पोपवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोप वाचले. क्राकोवच्या या मुलांच्या लेखी ते आपल्या गावचे, आपल्याच छंदाचे. घळीतल्या धबधब्यांना त्यांनी पोपचं नाव दिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी जगाला सांगितलं की ही पृथ्वीवरची सर्वांत खोल घळ असू शकते. ऐंशीच्या दशकातच ‘गिनेस बुक’नं ते मान्य केलं. जवळच्याच कोताहुआसीची घळ मोजमापात कोल्काहून खोल भरते आणि खोली मोजायच्या पद्धतीवरूनही मतभेद आहेत, पण कोल्काकडे जगाची नजर वळली ती तेव्हा. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. ‘प्रथम उतरले’ हा मान त्या पाण्यापुरताच. खोरं कोणी ‘शोधलं’ नाही. कोयागुआ आणि काबाना लोकांनी इन्कांच्याही आधीपासून या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती केली आहे. त्यांच्या वंशजांच्या पायवाटा घळीत उतरतात आणि पलीकडे चढतात. पोलिश मंडळी तळापर्यंत गेली तीही अशाच वाटेनं.

घरी परतायचा प्रश्न १३ डिसेंबर १९८१ ला निकालात निघाला. जनरल यारुझेल्स्कींनी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला, सॉलिडॅरिटीचे हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. ही मंडळी तेव्हा पेरूतच होती. कोल्कामुळे त्यांची नावं तिथं लोकांना ठाऊक झाली होती आणि त्या ओळखीचा उपयोग करून त्यांनी लष्करी कायद्याविरुद्ध उघड आवाज उठवला. अशा माणसांनी क्राकोवला परत जाणं म्हणजे सरळ तुरुंगाच्या दारात जाणं होतं. त्यांनी अमेरिकेची वाट धरली आणि तिथंच संसार थाटले. अर्ध्यावर सुटलेली शिक्षणं, मागे राहिलेले आईबाप, फोनवरची पहारेदारी, हे सगळं त्या निर्णयात होतं. धाडसकथांमध्ये हा भाग चार ओळींत उरकला जातो. घळीतल्या अकरा दिवसांपेक्षा हाच जास्त कठीण होता, असं मानायला जागा आहे.

नदी मात्र सुटली नाही. कोल्का खोऱ्याच्या वर मिस्मी नावाचं शिखर आहे. त्याच्या दक्षिण उतारावरचं पाणी कोल्कातून प्रशांत महासागराला मिळतं आणि उत्तरेकडचं आपुरिमाक नदीमार्गे अॅमेझॉनमधून अटलांटिकला. १९८५ मध्ये ख्मेलिन्स्की या दुसऱ्या बाजूनं निघाले. एका आंतरराष्ट्रीय तुकडीत ते होते, सोबत कानोआंदेसचाच छायाचित्रकार झ्बिग्निएव ब्झ्दाक होता आणि जो केन नावाचा अमेरिकन लेखक, ज्यानं निघताना कयाकचं वल्हंही धड धरलेलं नव्हतं. वाटेत तुकडी फुटली, नेतृत्वावरून भांडणं झाली, माओवाद्यांच्या मुलखातून जावं लागलं. सुमारे सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, ख्मेलिन्स्की आणि केन अटलांटिकच्या पाण्याला लागले. उगमापासून मुखापर्यंत अॅमेझॉन वल्हवण्याची ही पहिली नोंद. केनचं ‘रनिंग द अॅमेझॉन’ हे पुस्तक १९८९ मध्ये आलं आणि आजही ते नदीवाल्यांच्या कपाटात असतं.

पिएन्तोव्स्कीही परत आले. २००० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल जिओग्राफिक सोसायटीची तुकडी मिस्मीवर गेली आणि जीपीएसनं मोजमाप करून तिथला कार्वासांता ओढा हा अॅमेझॉनचा उगम असल्याचं तिनं सांगितलं. वाद तिथं मिटला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मांतारो नदीचा उगम आणखी दूर असल्याचा दावा केला. २०२० मध्ये ‘गॉडस्पीड, लोस पोलाकोस!’ या माहितीपटानं जुनं चित्रण आणि आता म्हातारे झालेले हे मित्र दोन्ही पडद्यावर आणले, तेव्हा नव्या पिढीला ही कथा पहिल्यांदा कळली.

कोल्काचं पाणी आता पूर्वीसारखं मोकळं राहिलेलं नाही. १९८० च्या दशकात वरच्या अंगाला कोंदोरोमा धरण झालं आणि बोगद्यांतून पाणी माहेस-सिग्वासच्या वाळवंटी शेतीकडे वळवलं गेलं. तिथं आज हिरवी शेतं आहेत. एजीएच विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ २००३ पासून पेरूत मोहिमा नेत असून त्यांनी या घळीचा आणि आसपासच्या ज्वालामुखींचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. २०१९ मध्ये युनेस्कोनं कोल्का आणि आंदाग्वाच्या ज्वालामुखींचा परिसर जागतिक भूउद्यान म्हणून जाहीर केला.