दर सेकंदाला एक संभाजीनगर

‘एक’ म्हणा. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत तुमच्या हाडांच्या पोकळीत अख्खं छत्रपती संभाजीनगर जन्माला आलं. ‘दोन’ म्हणा. आणखी एक! विश्वास बसत नसेल तर कागद-पेन्सिल घ्या, हिशेब चौथीतला आहे. धडधाकट माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली सगळ्यांत मोठी फौज यांचीच. दिवसाचे सेकंद 86,400. भागा. सेकंदाला साडेअकरा लाखांच्या वर. आणि 2011च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीत डोकी भरली 11 लाख 75 हजार. जुळलं की नाही?

आता थांबू नका. पावणेदोन मिनिटांच्या आत सगळा महाराष्ट्र. साडेसतरा मिनिटांत 121 कोटींचा भारत. मध्यवर्ती बसस्थानकावरून अजिंठ्याची एसटी धरा. फर्दापूर फाट्यावर उतरेपर्यंत पृथ्वीवरची 800 कोटी माणसं तुमच्या एकट्याच्या हाडांत मोजून पुरी. करोनाआधी आपली रेल्वे वर्षाला 840 कोटींच्या आसपास प्रवासी वाहायची. लोकल धरून, पॅसेंजर धरून, राजधानी धरून! त्या रेल्वेला बारा वर्षं लागतील इतकी गर्दी तुम्ही आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत गाडीत चढवणार आहात, तेही आरक्षणाशिवाय.

एवढ्या गर्दीचं आकारमान किती? साधारण 35 मिलिलिटर. कटिंग चहाचा अर्धा ग्लास. पण हाच अर्धा ग्लास एका रांगेत मांडा. एक पेशी म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे रांग झाली 1,000 किलोमीटर. नागपूरहून निघून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपवायचा, आमण्याला गाडी वळवायची आणि परत संभाजीनगरच्या आसपास येऊन थांबायचं. एका माणसाची, एका दिवसाची रांग ही.

इतका फौजफाटा कशाला, असं वाटेल. तर श्वास घ्या. दिवसभरात आपण दहा हजार लिटरच्या घरात हवा आत ओढतो. नळाला पाणी येण्याची वाट बघणाऱ्या या शहराला दहा हजार लिटर समजावून सांगायला नको: गल्लीत उभा राहणारा एक मोठा टँकर. रोज एक टँकर हवा, आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू. नुसत्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस या एका बुरशीचे काहीशे बीजाणू माणूस रोज सहज ओढतो. कंजूषपणे शंभर धरले तरी सत्तर वर्षांत पंचवीस लाख! ते जाऊन बसतात फुप्फुसांतल्या 48 कोटी वायुकोशांपैकी कुठल्या तरी एकात. मॅक्रोफेज नावाच्या जाडजूड भक्षक पेशी तिथे आधीच पहाऱ्यावर असतात. त्यांनी हाक मारली की न्यूट्रोफिल धावतात.

गंमत अशी की भक्षक पेशींची ओळख जगाला पटली तीही बुरशीमुळेच. इल्या मेचनिकोव्ह यांनी 1884 साली पाण्यातल्या पिसवेच्या पारदर्शक अंगात बुरशीचे टोकदार बीजाणू शिरताना आणि पेशींनी त्यांना घेरून संपवताना पाहिलं, लिहून ठेवलं. 1908 साली नोबेल मिळालं. पिसवेला काय मिळालं, विचारू नका.

पण 48 कोटी खोल्यांच्या इमारतीत धुळीचा कण कोणता आणि बुरशी कोणती, हे ओळखायचं कसं? बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची साखळी असते, आपल्या पेशींत ती नसते. भक्षक पेशीच्या अंगावर ती साखळी चाचपणारा डेक्टिन-1 हा ग्राहक असतो. त्याचं हे काम 2001 साली उघड झालं. बुरशीही काही भोळी नाही. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू प्रथिनाचा रेनकोट घालून येतो, साखर लपवतो. कोंब फुटायला लागला की कोट फाटतो आणि चोर उघडा पडतो.

शिवाय रक्तात शिक्के मारणारे आहेत. सी-3 हे प्रथिन बुरशीच्या अंगावर काही मिनिटांत लाखोंनी चिकटतं: ‘हा खायचा.’ या शिक्क्यांचा साठा किती असावा? लिटरभर रक्तद्रवात ग्रॅम-सव्वा ग्रॅम, म्हणजे अंगातल्या तीन लिटरांत एकावर एकोणीस शून्यं इतके रेणू. एक रेणू एक रुपया धरा. भारत सरकारचं वर्षाचं अंदाजपत्रक आता 50 लाख कोटींचं असतं. अशी दोन लाख वर्षांची अंदाजपत्रकं तुमच्या नसांतून फिरताहेत, आणि खिशात बसच्या तिकिटाला सुट्टे नाहीत!

शिक्का दिसला की पेशी बीजाणूला अंग लावते. कातडीचे काठ दोन्ही बाजूंनी वर चढतात, वाटीसारखे, आणि वरून मिटतात. आत कोंडलेल्या पाहुण्यावर आम्ल, पाचक रसायनं आणि जहरी ऑक्सिजनचा मारा. हे सगळं किती बारीक जागेत चाललंय? न्यूट्रोफिल फुगवून एक मीटरचा केला तर बीजाणू वीतभर, आणि त्याच मापाने तुम्ही मुंबई-पुणे अंतराहून लांब.

वेग मात्र विचारू नका. मिनिटाला मिलिमीटरचा शंभरावा भाग. दिवसाला दीड सेंटिमीटरही नाही. या चालीने मुंबईहून पुण्याला निघालेली पेशी 28 हजार वर्षांनी पोचेल. अजिंठ्याची पहिली लेणी खोदली जात होती तेव्हा, सुमारे 2,200 वर्षांपूर्वी, ती सीएसएमटीहून निघाली असती, तर आज दादर मागे पडलं असतं, शीव अजून यायचं असतं. म्हणूनच लांबचा प्रवास ती रक्ताच्या प्रवाहात करते. पायी चालायचं ते शेवटच्या काही केसांच्या रुंदीपुरतं.

मग एवढी फौज असताना 2021च्या करोनाच्या उन्हाळ्यात काय झालं? घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून म्युकर या बुरशीचे रुग्ण येत होते, इंजेक्शनसाठी नातेवाईक गावभर फिरत होते, पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला होता. 28 जून 2021पर्यंत देशात 40,845 रुग्ण आणि 3,129 मृत्यू. या रुग्णांपैकी 26,187 मधुमेही, 21,523 जणांना स्टेरॉइड दिलेलं. फौज तेवढीच होती, पण वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल मंदावतात आणि स्टेरॉइड त्यांचे हात बांधतं. मग बाहेरून लढणं किती महाग पडतं पाहा. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी इंजेक्शनची कुपी 50 मिलिग्रॅमची, किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम लागायचं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या. कुपी सहा हजारांची धरली तर रोजचे 36 हजार, तीन आठवड्यांचे साडेसात लाख. सगळ्या 40,845 जणांना इतकंच लागलं असं हिशेबापुरतं माना: तीन हजार कोटी रुपये. जे काम अंगातली फौज फुकटात करते त्याचं हे बिल.

म्युकरचा बीजाणू गिळता येतो. त्याला फुटलेला लांबलचक धागा गिळायचा कसा? घास तोंडापेक्षा मोठा. अशा धाग्यांसाठी न्यूट्रोफिलकडे शेवटचा डाव असतो, 2004 साली उघड झालेला: स्वतःचं पोट फाडून आतला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकायचा. एका पेशीत हा धागा दोन मीटर. वीस फुटी विहिरीत सोडला तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाईल, तेवढाच. पण दिवसाच्या 10 हजार कोटी पेशींचे धागे जोडत चला. मुंबई-पुणे तर पहिल्या पंचाहत्तर हजार पेशींतच झालं! पुढे चंद्र मागे पडला. चला. एकूण 20 कोटी किलोमीटर, आणि सूर्य फक्त 15 कोटींवर. सूर्य गाठून वर पाच कोटी शिल्लक! आणि ही झाली साध्या दिवसाची गोष्ट. संसर्ग चढला की अस्थिमज्जा उत्पादन दहापटीपर्यंत नेते. दहापट म्हणजे 200 कोटी किलोमीटर. शनीसुद्धा मागे राहिला.