भाकीत, बोंडअळी आणि कार्ल पॉपर

अक्षय्य तृतीया झाली की वऱ्हाडात विचारणा सुरू होते, ‘भेंडवळची मांडणी काय म्हनते?’ बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती 18 प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. नांदगाव खंडेश्वरसारख्या कपाशी-सोयाबीनच्या तालुक्यात पेरणीचा सगळा डाव पावसावर असतो, तेव्हा भाकिताची ओढ असणारच.

पण ते खरे ठरले की खोटे, हे कसे ओळखायचे?

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर आयुष्यभर याच प्रश्नाला भिडले. जन्म 1902 चा, व्हिएन्नातला. 1919 मध्ये ते मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्या मुलांसाठीच्या कामात मदत करत होते. पॉपर यांनी त्यांना एका मुलाची हकीकत सांगितली. आडलर यांनी मुलाला न पाहताच न्यूनगंडाच्या सिद्धान्ताने तिचा उलगडा केला. पॉपर यांना हे खटकले. कुठलीही हकीकत ज्यात बसते, त्या सिद्धान्ताला चुकण्याची जागाच उरत नाही. त्याच वर्षी 29 मेच्या खग्रास सूर्यग्रहणात आइनस्टाइन यांच्या सिद्धान्ताची परीक्षा झाली. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना 1.75 विकला वाकेल, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मोजमाप वेगळे आले असते तर सिद्धान्त अडचणीत आला असता.

1934 च्या आपल्या जर्मन ग्रंथात पॉपर यांनी कसोटी मांडली: काय घडले तर आपण चूक ठरू, हे जो सिद्धान्त आधी सांगतो, तोच वैज्ञानिक. ज्यू वंशाच्या पॉपर यांनी 1937 मध्ये न्यूझीलंड गाठले, 1946 पासून लंडनमध्ये शिकवले आणि 1994 मध्ये त्यांचे निधन झाले.

या कसोटीवर ‘कुठे कमी, कुठे जास्त पाऊस’ हे भाकीत टिकत नाही, कारण कुठलाही पावसाळा त्याला खोटे पाडू शकत नाही. फलज्योतिषाची अशी परीक्षा जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या घेतल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांत सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते.

विज्ञानाचे दावेही पडतात. 2002 मध्ये बीटी कपाशी आली आणि तिला बोंडअळी लागणार नाही, असा विश्वास बसला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडे पोखरून तो मोडला. विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांचा पॉपर यांच्यावरचा आक्षेप इथे आठवतो: एका अपयशाने शास्त्रज्ञ अख्खा सिद्धान्त टाकून देत नाहीत. इथेही बीटीचे विष अळीला मारते, हे तत्त्व खोटे नव्हते. त्या विषाला न जुमानणारी अळी तयार होणार नाही, हे गृहीत पडले. बीटीच्या पिशवीसोबत मिळणारे बिगर-बीटी सरकीचे 120 ग्रॅमचे पाकीट अशी अळी तयार होऊ नये यासाठीच होते. ते बांधाकडेने पेरायचे, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्या तिथे जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पसरू नये, ही योजना. अनेक शेतांत ते पेरलेच गेले नाही.

आता गुलाबी बोंडअळीसाठीची शिफारस आकड्यात आहे: कामगंध सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले, तर उपाय करायचे. सकाळी सापळा उघडून पतंग मोजणारा नांदगावचा शेतकरी त्या शिफारशीला रोज तपासू शकतो.