हेवर्डचा पूल

'ज्युनियर कॉलेज' म्हटलं की मराठी घरात अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत हेच नाव वेगळ्या कामासाठी वापरात आलं. १९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या साथीने, पदवीची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी होते सहा. दोन वर्षं इथे आणि उरलेली दोन विद्यापीठात, ही कल्पना अशी रुजली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव देशभर नेलं.

कॅलिफोर्नियाने १९६० च्या 'मास्टर प्लॅन'मध्ये त्या कल्पनेची व्यवस्था केली. हायस्कूल संपवणाऱ्यांतला वरचा आठवा हिस्सा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी पात्र, वरचा तिसरा हिस्सा स्टेट विद्यापीठांसाठी, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. त्या दारातून आत आलेल्याला दोन वर्षांनी विद्यापीठात जाता यावं, म्हणून वरच्या वर्गांत जागा ठेवायच्या. प्रथम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांमागे ट्रान्सफरने येणारा एक, हे प्रमाण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आजही लक्ष्य म्हणून बाळगते. राज्यात आता अशी ११६ कॉलेजं आहेत.

त्यातलंच एक शाबो कॉलेज, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला हेवर्ड गावात. १९७४ साली ओकलंडच्या हायस्कूलमधून बाहेर पडलेला एक मुलगा तिथे आला, कारण त्याचे गुण बेताचे होते आणि हे कॉलेज कुणालाही घेत होतं, तेही फुकट. इथल्या एका वर्गात नाटकं वाचायची आणि मग ती प्रत्यक्ष जाऊन बघायची असं होतं. नाटककार यूजीन ओनील त्याला तिथे भेटला. पुढे तो सॅक्रामेंटोच्या स्टेट विद्यापीठात गेला. त्याचं नाव टॉम हँक्स. जानेवारी २०१५ मध्ये, ओबामांनी दोन वर्षांचं कॉलेज मोफत करण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा, हँक्सने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून शाबोचं ऋण मानलं.

फुकट शिक्षण १९८४ मध्ये संपलं. तरी आजची फी युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर आहे. तत्त्वज्ञानाचा कोर्स साधारण तीन युनिटचा, म्हणजे १३८ डॉलर. ट्रान्सफरला लागतात ६० युनिट, म्हणजे २,७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला अनेक कॉलेजांत दोन वर्षं तेही माफ होतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात राज्यातल्या विद्यार्थ्याला एका वर्षाची फी १४,००० डॉलरच्या वर जाते. 'आर्ट्सला जाऊन पोट कसं भरणार?' हा प्रश्न फक्त आपल्याकडे विचारला जात नाही. स्थलांतरितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या घरात तो तिकडेही तेवढाच खरा आहे. अशा घरातल्या मुलाला कर्ज न काढता तत्त्वज्ञान वाचून बघता येतं, हे मोठं स्वातंत्र्य आहे. शिवाय वर्गात शेजारी रात्रपाळी करून आलेली नर्स असते, सैन्यातून परतलेला माणूस असतो. युद्धाबद्दलची कविता तिथे वेगळ्या तऱ्हेने वाचली जाते.

या सगळ्याचा कणा म्हणजे कॉलेजं आणि विद्यापीठं यांच्यातले करार. इथला कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा, हे कॉलेजागणिक आणि विषयागणिक ठरलेलं असतं, आणि 'असिस्ट' नावाच्या सार्वजनिक यादीत कुणालाही पाहता येतं. २०२५ च्या सत्रापासून स्टेट विद्यापीठं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या दोन्हींना चालणारा सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा आला: किमान ३४ युनिट, आणि त्यांत निबंधलेखन, चिकित्सक विचार, वक्तृत्व, कला, मानव्यविद्या. यादी रुक्ष दिसते. पण ती नसेल तर काय होतं ते अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवलं: देशभरात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली होती.

करार असूनही घड्याळ आडवं येतंच. ऑगस्टमध्ये कॉलेजात आलेल्याला दोन वर्षांत निघायचं, तर पुढच्याच वर्षी नोव्हेंबरअखेर विद्यापीठाचा अर्ज भरावा लागतो. हाताशी वर्षभराचे गुण, आणि विषय तोवर ठरलेला हवा. एका विद्यापीठाला इंग्रजीसाठी ब्रिटिश साहित्याचे कोर्स हवे असतात, दुसऱ्याला परभाषा. इतिहास की साहित्य, या घोळात एक सत्र गेलं की हिशेब चुकतो. मानव्यविद्यांना भटकायला वेळ लागतो आणि इथे तोच सगळ्यांत कमी मिळतो. शिकवणाऱ्यांचीही ओढाताण होते: बहुतेक शिक्षक अर्धवेळ आहेत, दोन-तीन कॉलेजांत तास घेत महामार्गावरून धावणारे. त्यांना तिकडे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. निबंध तपासायचा तर वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे त्यांना क्वचितच मिळतात. देशभरात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना पदवी हवी असते. विद्यापीठात पोचतात जेमतेम एक तृतीयांश.

ही गळती जवळून पाहिली ती शाबोमधल्याच दोघांनी. इंग्रजीच्या शिक्षिका पॅट्रिशिया मॅकग्रा आणि काउन्सेलर फेलिक्स गालाविझ यांनी लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका चाळल्या. मुलं काउन्सेलरकडे फिरकत नव्हती आणि लेखनाचे वरच्या पातळीचे कोर्स टाळत होती. १९८१ मध्ये दोघांनी 'पुएन्ते' सुरू केलं. स्पॅनिशमध्ये पुएन्ते म्हणजे पूल. लेखनाचा वर्षभराचा वर्ग, वाचायला मेक्सिकन-अमेरिकन लेखक, सोबत एकच ठरलेला काउन्सेलर, आणि समाजातलाच एखादा नोकरीपेशातला मार्गदर्शक. घरातली भाषा, घरातली माणसं पुस्तकात दिसू लागली की मुलं लिहू लागतात, हे साधं निरीक्षण आज कॅलिफोर्नियातल्या डझनावारी कॉलेजांत अभ्यासक्रम बनून उभं आहे.

कॅलिफोर्नियाच्याच दक्षिणेला, पॅसाडीना सिटी कॉलेज या अशाच कम्युनिटी कॉलेजमध्ये लेखिका ऑक्टेव्हिया बटलरने १९६८ साली दोन वर्षांची पदवी घेतली. आई लोकांच्या घरी कामं करायची. पहिल्याच सत्रात मुलीने कॉलेजची कथास्पर्धा जिंकली. तिथल्याच एका कृष्णवर्णीय सहाध्याय्याचं बोलणं तिच्या मनात राहिलं: गुलामगिरी सोसलेल्या आधीच्या पिढ्यांवर त्याचा राग होता. त्या पिढ्यांनी काय सोसलं, हे त्याला कळतच नाही असं तिला वाटलं. त्यातून 'किंड्रेड' ही कादंबरी आली, १९७९ मध्ये. त्याच दशकातल्या तरुणीला गुलामगिरीच्या काळात नेऊन टाकणारं हे पुस्तक आता अमेरिकेतल्या कॉलेजांच्या इंग्रजीच्या वर्गांत लावलेलं असतं.